मखमली कोटातली स्टेम सेल

"आई, माझा निळा शर्ट कुठाय?"

"पिशवीत दाबलाय," स्वयंपाकघरातून उत्तर आलं.

सुबोध टॉवेल गुंडाळून कपाटासमोर उभा होता. कपाटात विटा रचल्या होत्या. म्हणजे कपडेच होते ते, पण आईने, म्हणजे वनमालाबाईंनी, प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून, पंपाने हवा ओढून ते असे काही दाबले होते की गोधडी कुठली आणि शर्ट कुठला, देवाला पण सांगता आलं नसतं.

कारण साधं होतं. लवूकाका दशावतारी नाटकात राजाचं काम करायचे. वाकोल्याला त्यांच्या चाळीत रंगकाम निघालं, म्हणून नाटकाचे कपडे मुलुंडला भावजयीकडे आले, आणि मागोमाग काकाही आले. मखमल दाबली की चुरगळते, म्हणून राजाचा कोट ऐटीत हँगरला लटकला आणि घरातल्या माणसांचे कपडे पिशव्यांत गेले.

आणि आजच सुबोधचं अंधेरीच्या एका संशोधन संस्थेत परीक्षकांसमोर पेशींवर भाषण होतं. भाषण झालं की त्याच खोलीत लगेच मुलाखत. जमलं तर पर्मनंट नोकरी. नाहीतर 'टेम्पररी' हा शब्द ऐकून मुलीकडचे अर्धा चहा टाकून उठतात, ते तसेच उठत राहणार.

त्याने पहिली पिशवी फोडली. फुस्स झालं आणि आतल्या गोधड्यांनी असा काही श्वास घेतला की सुबोध पलंगावर उताणा. दुसऱ्या पिशवीत साड्या. त्या पंख्यात अडकल्या. तिसरीत एक काळी पँट आणि निळा शर्ट! सुबोधने आनंदाने शर्ट नाकाशी धरला आणि त्याचे डोळेच फिरले.

"आई! शर्टात सुके बोंबील आहेत!"

"मगे? मधी जागा रिकामी होती. हवा कित्याक भरून ठेवू?"

"अगं, माझा इंटरव्ह्यू आहे!"

"मग इस्त्री कर. वास जातलो."

इस्त्री फिरवली. वास गेला नाही, भाजला गेला. खालच्या मजल्यावरचं मांजर येऊन उंबऱ्यात बसलं. बाकीच्या पिशव्या फोडायला वेळ नव्हता, कालचा शर्ट बादलीत भिजत होता. समोरच्या घरातला निमेश बिचारा स्वतःचा शर्ट घेऊन धावत आला, पण निमेश म्हणजे चालता-बोलता हँगर. सुबोधने एक श्वास घेतला आणि तिसरं बटण सुटलं ते थेट लवूकाकांच्या कपाळावर.

काकांनी कपाळ चोळलं आणि गंभीरपणे राजाचा कोट खाली काढला. लाल मखमल, सोनेरी जर, गुडघ्यापर्यंत लांब.

"काका, मी भाषणाला चाललोय, युद्धाला नाही!"

"लांबसून शेरवानी दिसता, झिला."

"आणि जवळून?"

"जवळ कोणाक येऊक देऊ नको."

रिक्षात बसताना वनमालाबाईंनी दृष्ट काढली. पवईच्या सिग्नलला तीन बायकांनी सुबोधला विचारलं, नवरी कुठली?

मुलाखतीच्या खोलीत तीन परीक्षक बसले होते. मधल्या क्षमा मॅडम. बाई हुशार, पण हसणं त्यांनी कुठल्यातरी पिशवीत दाबून ठेवलं असावं. त्यांनी कोट वरपासून खालपर्यंत पाहिला.

"प्रयोग कितीचा आहे तुमचा?"

झालं! सुबोधचं पाठ केलेलं इंग्रजी भाषण पुसून गेलं. समोर नुसता लाल रंग दिसायला लागला, तोही स्वतःच्याच बाह्यांचा. वाट लागली. आता लाज राखायची तर एकच रस्ता होता, सगळी घालवायची.

"मॅडम," तो म्हणाला, "आज सकाळी मी स्टेम सेल होतो."

मॅडमचं पेन थांबलं.

"म्हणजे बघा ना. प्रत्येक पेशीत डीएनए तोच. दोन मीटरचा धागा, प्रोटीनच्या रिळांना गुंडाळून ठेवलेला. स्टेम सेलमध्ये घडी बरीचशी सैल, म्हणून ती काय पण होऊ शकते. कातडी, मेंदू, हृदय. माझं कपाटही तसंच होतं. शर्ट घातला की सायंटिस्ट, शेरवानी घातली की नवरदेव. पण आईने पिशव्या दाबल्या. कपडे फेकले नाहीत हां, सगळे आतच आहेत! फक्त हाताला लागत नाहीत. पेशीसुद्धा नको असलेले जीन, म्हणजे डीएनएचे तुकडे, फेकत नाही, दाबून ठेवते. मोकळा राहिला एकच कोट. म्हणून मी राजा झालो."

डावीकडच्या परीक्षकाने तोंडावर रुमाल धरला.

"आणि तयार झालेली पेशी परत स्टेम सेल करायची असेल तर?" मॅडमनी तिरका प्रश्न टाकला.

"होते ना. पिशव्या फोडायच्या. पण जपून, मॅडम. माझ्या गोधड्या फुगल्या त्या आवरतच नाहीत. पेशी असं करायला लागली तर आपण त्याला कॅन्सर म्हणतो."

मॅडम हसल्या. एवढ्या हसल्या की शिपाई पाणी घेऊन धावत आला. संध्याकाळी फोन आला: निवड झाली. वनमालाबाईंनी अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले, मांजरालासुद्धा.

एक तारखेला सुबोध संस्थेत हजर झाला. पांढरा कडक शर्ट, टाय, बूट, चापून बसवलेला भांग. क्षमा मॅडमच्या केबिनचं दार ढकलून अदबीने म्हणाला, "गुड मॉर्निंग, मॅडम."

"मशीन विकायचं असेल तर दुपारनंतर या."

"मॅडम, मी सुबोध. आजपासून जॉइन होतोय."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "सुबोध? ते लाल कोटवाले? तुम्ही त्यांचे भाऊ का?"

"भाऊ नाही, मॅडम. डीएनए सेम टू सेम. घडी तेवढी बदललीय."

"असेल," मॅडम फाइलमध्ये डोकं घालत म्हणाल्या. "पण त्यांनाच पाठवा. नोकरी मी त्यांना दिलीय."