आतल्या संगणकाचा अतिरिक्त कार्यभार

नागरिकांना जुने बांधकाम नकाशे तत्परतेने मिळावेत, म्हणून आमच्या कार्यालयाने ते सर्व मागेच सीडींवर उतरवून ठेवले आहेत. सीडी कपाटात आहेत, कपाटाला कुलूप आहे आणि किल्ली माझ्याकडे आहे. इथपर्यंत व्यवस्थेत कुणालाही खोट काढता येणार नाही.

पुढचा भाग जरा नाजूक आहे. हे नकाशे उघडणारी प्रणाली नव्या संगणकावर चालत नाही. म्हणून आमच्या कंत्राटी तंत्रज्ञाने नव्या संगणकाच्या पोटात एक जुना संगणक बसवून दिला. तो हाताला लागत नाही, पडद्यावरच्या चौकटीत नुसता दिसतो, काम बेताचंच करतो, पण स्वतःला पूर्ण संगणक समजतो. आमच्याकडे असे बरेच जण असल्यामुळे कुणाला त्याचं नवल वाटलं नाही. सीडी वाचणारा ड्राइव्ह मात्र वेगळा, बाहेरून वायरने जोडायचा.

एका सोमवारी चष्म्याच्या दुकानवाल्या ताई नोटीस घेऊन आल्या. दुकानामागची खोली विनापरवाना असल्याचे दिसते. सात दिवसांत मंजूर नकाशा सादर करावा, अन्यथा आठव्या दिवशी खोली पाडण्यात येईल, असं तीत म्हटलं होतं. त्या खोलीत त्यांच्या सासूबाई तीन वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. खोली सासऱ्यांनी रीतसर मंजुरी घेऊन बांधलेली. नकाशाची घरातली प्रत वाळवीने खाल्ली आणि कार्यालयातली माझ्या कपाटात होती.

मी लगेच सीडी काढून ड्राइव्हमध्ये घातली. बाहेरच्या संगणकाने ड्राइव्ह ओळखला, आतल्याने ओळख दाखवली नाही.

"आतल्याला ड्राइव्ह दिसत नाहीये," मी म्हणालो.

"नंबर तपासून देऊ का त्याचा?" ताई म्हणाल्या.

तंत्रज्ञ शेजारीच उभा होता. "काही नाही हो. या यादीत ड्राइव्हच्या नावापुढे टिक करा. बाहेरच्याकडून सुटेल आणि आतल्याला मिळेल."

माझा हात माउसवर होता. एवढ्यात साहेब मागे येऊन उभे राहिले.

"सुटेल म्हणजे? ड्राइव्ह बाहेरच्या संगणकाच्या नावावर आहे."

"एका वेळी एकालाच वापरता येतो, साहेब."

"मग हे हस्तांतरण झालं. देणाऱ्याची सही हवी, घेणाऱ्याची हवी. आत कोण असतं?"

"आत कुणीच नसतं, साहेब."

"मग कुणाला तरी नेमा. कार्यालय असं वाऱ्यावर सोडता येणार नाही."

मंगळवारी आदेश निघाला. बाहेरचा संगणक माझ्याकडे होताच. आतल्याचा अतिरिक्त कार्यभारही माझ्याच गळ्यात पडला. दुपारपर्यंत मी बाहेर बसायचो आणि जेवणानंतर त्याच खुर्चीवर आत. बुधवारी सकाळी मी मला पत्र लिहिलं, की ड्राइव्ह देण्यात येत आहे, स्वीकारावा. दुपारी ते मला मिळालं. पत्र ढिसाळ होतं. सोबत वायर येणार की नाही याचा उल्लेख नव्हता, विषयाची ओळ मोघम होती. मी ते त्रुटी दाखवून परत पाठवलं.

गुरुवारी सकाळी तो शेरा वाचून माझं डोकंच फिरलं. आत बसणाऱ्यांना काम नको असतं, नुसती खुसपटं काढायची असतात! मी खरमरीत उत्तर दिलं. ते दुपारी माझ्या जिव्हारी लागलं.

ताई रोज यायच्या. "भाऊ, सासूबाईंना उचलून कुठे ठेवू मी? दुकान आठ फुटांचं आहे. तेवढी टिक करा ना."

"ताई, बाहेरून माझी काहीच हरकत नाही. आतून अडलंय."

"आत कोण आहे?"

"दुपारी मीच असतो."

सोमवारी, सातव्या दिवशी, साहेबांनी माझी माझ्याशी बैठक लावून दिली आणि इतिवृत्तावर मी दोन्हीकडून सह्या केल्या. तोवर कार्यालय सुटायची वेळ झाली. मंगळवारी सकाळी दहाला खोली पाडली गेली. पाडकाम विभागाचं काम वक्तशीर आहे, त्यांच्याकडे संगणकच नाही. अकरा वाजता मी टिक केली. ड्राइव्ह घरघरला, नकाशा उघडला. खोली मंजूर होती, खिडकीसकट.

साक्षांकित प्रत मी त्याच दिवशी टपालाने खोलीच्या पत्त्यावर रवाना केली. ती 'अशी खोली आढळली नाही' या शेऱ्यासह परत आली. मंजूर खोली जागेवर नाही, ही बाब गंभीर होती. नियमानुसार ताईंना दुसरी नोटीस गेली, की मंजूर बांधकाम विनापरवानगी काढून टाकल्याबद्दल खुलासा करावा.

ताई खुलासा घेऊन आल्या. सासूबाई आता दुकानात, चष्म्यांच्या कपाटाला लागून झोपतात; गिऱ्हाईक आलं की त्यांना कुशीवर वळवून वाट करावी लागते. ताईंनी एवढंच विचारलं, "टिक करायला किती वेळ लागला हो?"

मी खोटं बोलत नाही. "क्षणभर," मी म्हणालो.

कारण मला ते आधीच माहीत होतं. माझी माझ्याशी पत्रापत्री चालली होती त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी एक गृहस्थ साहेबांच्या मेव्हण्यांची चिठ्ठी घेऊन आले होते. त्यांनाही जुना नकाशा हवा होता. मी टिक केली, नकाशा छापून दिला आणि टिक काढून टाकली. नोंदवहीत ते नाही, म्हणजे घडलेलं नाही. ताई समोरच्या बाकावर नोटीस मांडीवर घेऊन बसल्या होत्या. गृहस्थ सज्जन दिसले. ताईंचं रडगाणं त्यांनी मन लावून ऐकलं, हळहळले आणि जाताना मला म्हणाले, "ही व्यवस्था कधी सुधारायची हो?"

तुम्हाला आठवत असेलच. तुम्हीच होतात ते. नकाशा जपून ठेवलाय ना?