मशीनचं कपाळ

मशीनला माझा हात कळतो! ही फुशारकी नाही बरं का. तीस वर्षं वाळूजच्या कंपनीत काढलीत मी. आता ती टाइम ऑफिसात काढली, लोकांच्या हजेऱ्या लावत, ही गोष्ट वेगळी. पण हलवायाच्या शेजारी राहणाऱ्याला पाक कधी झाला ते वासावरून कळतंच की!

म्हणून आमच्या मोनिकाचा साखरपुडा ठरला तेव्हा मी घरात जाहीर करून टाकलं, "हॉल घ्यायचा नाही! कॉलनीची ओपन स्पेस घरासमोर आहे. तिथंच मंडप टाकू."

"अवो, तिथं मांडीएवढं गवत वाढलंय," आमची द्वारका म्हणाली. "यंदा पाऊस दिवाळीपर्यंत हटला नाय. मुलाकडचे कन्नडचे पाव्हणे काय चरायला येणारेत का?"

"गवत मी काढतो! आपलं मशीन कशाला आहे?"

"त्या मशीनचं नाव काढू नका. मी सांगते, हॉल घ्या."

तेवढ्यात मोनिका मध्ये पडली. "मम्मी, पप्पा म्हणतात ना, मग होईल. तिकडच्यांना मी सांगून टाकलंय, आमचे पप्पा स्वतः सगळं मैदान तयार करणारेत. हॉल नकोच."

बास! पोरीनं एवढा विश्वास टाकल्यावर माझी छाती फुगून शर्टाचं बटण ताणलं. पण आता घोळ असा झाला, की गवत निघालं नाही तर माझ्याबरोबर पोरीचीही मान खाली जाणार होती. होणाऱ्या सासरी तिनं टाकलेला पहिला शब्द होता तो!

मशीनची ओळख करून देतो. वेरूळ रस्त्यावरच्या एका हॉटेलानं मोडीत काढलेलं हे गवत कापायचं पेट्रोलचं मशीन मी दोन वर्षांखाली आणलं. लाल रंग, चार चाकं, दोरी ओढून चालू करायचं नि ढकलत न्यायचं. त्याची मी लई निगा राखतो. खंडेनवमीला पूजासुद्धा मीच करतो, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. लोक काय करतात, चिमूटभर कोरडं कुंकू टाकतात नि मोकळे होतात. वाऱ्यानं उडून जातं ते! मी कुंकू तेलात कालवतो. आणि यंदा तर मी नीट विचार केला, की मशीनचं कपाळ कुठलं? जे सगळ्यात वर असतं ते कपाळ! तिथं अंगठ्यानं दाबून असा जाड टिळा लावला, वर अक्षता चिकटवल्या, की महिना उलटला तरी जागचा हलला नव्हता. सिमेंट बरं!

साखरपुड्याच्या आठ दिवस आधी म्हशीवाली कडूबाई विळा घेऊन दारात आली होती. "भाऊ, गवत मी कापून नेते. माझ्या म्हशींना होईल, तुमचं मैदान मोकळं होईल."

"मावशी, विळ्याचे दिवस गेले आता!" असं म्हणून मी तिला वाटेला लावलं. ही चूक क्रमांक एक. पुढच्या मी मोजल्या नाहीत.

साखरपुड्याच्या दिवशी, रविवारी सकाळी आठला मी मैदानात उतरलो. पाहुणे पाचला येणार होते, मंडपवाला बाराला. पहिल्याच झटक्याला मशीन सुरू! घर्रर्र! गवत असं उडायला लागलं की यंव! द्वारका गॅलरीत आली तेव्हा मी एक हात सोडून तिला दाखवला.

सात-आठ मिनिटं झाली असतील. मशीन म्हणालं, फट... फट... फुस्. आणि बंद!

ओढली दोरी. काही नाही. पुन्हा ओढली. वीस वेळा ओढली. खांदा निखळायची पाळी आली, पण मशीन हूं की चूं करीना. मग मी पेटी आणली, प्लग काढला, बनियनला पुसला, परत बसवला. टाकीचं झाकण उघडून आत डोकावलो. झाकणातून 'सुस्स' असा आवाज आला. पेट्रोल भरपूर होतं. झाकण लावलं, दोरी ओढली, आणि घर्रर्र!

"प्लग!" मी गॅलरीकडं बघून ओरडलो. "प्लगला काजळी होती!"

"अवो, तुमच्या काजळीचं राहू द्या!" द्वारका वरून ओरडली. "तेलाच्या डब्याला दुसरं भोक पाडून द्या आधी! हातोडी नि खिळा तुमच्या पेटीत आहे. माझं तळण खोळंबलंय!"

"आलो, आलो!" म्हणालो नि मशीन पुढं ढकललं. चालतं मशीन सोडून कुणी डब्याला भोकं पाडत बसतं का?

आठव्या मिनिटाला फट... फट... फुस्.

आता शेजारचे राजकुमार सर कुंपणाला येऊन उभे राहिले. सर शाळेत विज्ञान शिकवतात, त्यामुळं त्यांना विचारावं लागत नाही, ते सांगतातच.

"सांडूभाऊ, प्लगचा काही संबंध नाही. हवेचा प्रश्न आहे. एअर फिल्टर झटका."

त्यांनी स्वतःच फिल्टर काढला, गुडघ्यावर चार वेळा आपटला, धुळीनं शिंकले नि परत बसवला. "पेट्रोल आहे ना पण?" म्हणून टाकीचं झाकण उघडलं. सुस्स! लावलं. मी दोरी ओढली, घर्रर्र!

"बघा!" सर म्हणाले. "याला म्हणतात शास्त्रीय दृष्टी!"

मला जरा लागलं. पण मशीन चालत होतं, म्हणून गिळलं. पुढं सात मिनिटांनी बंद पडलं तेव्हा मला पाव्हणे येणार याचं दुःख व्हायच्या आधी सरांची शास्त्रीय दृष्टी पडली याचा आनंद झाला, हे कबूल करतो.

मग आमचं सुरू झालं. मी म्हणालो प्लग. ते म्हणाले फिल्टर. मी प्लग पुसला, त्यांनी फिल्टर आपटला. दोरी ओढली. ठप्प! दोघांनी जागा बदलल्या, मी फिल्टर आपटला, त्यांनी प्लग पुसला. ठप्प! अर्धा तास आम्ही पुसत होतो नि आपटत होतो.

"अवो!" वरून हाक. "एका भोकातनं तेल येत नाय! थेंब थेंब गळतंय! भजी काय पाण्यात तळू?"

"अगं, इथं इंजिन मेलंय नि तुझं तेलाचं काय!"

मोनिका खाली आली. दोन्ही हातांना मेंदी, त्यामुळं कोपरानं फाटक उघडलं बिचारीनं. मैदानाकडं बघितलं. एका कडेचं गवत कापलेलं, मध्येच दाढी अर्धवट सोडून न्हावी उठून गेल्यासारखं. मला वाटलं, आता रडते. पण ती म्हणाली, "पप्पा, चहा घेता का? होईल हो. तुम्ही म्हटलंय ना."

त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला. डोळ्यांत पाणीच आलं. सरांना सांगितलं, धूळ गेली.

मग मी ताठा सोडला नि कोपऱ्यावरच्या खलीलभाईला बोलावलं. गेली पंचवीस वर्षं आमच्या कॉलनीच्या स्कूटरी त्याच्याच जिवावर आहेत. खलीलभाई बसला, बघितलं, म्हणाला, "कार्बोरेटर में कचरा हय, भाऊ." सगळं खोललं. फुंकलं, धुतलं, जोडलं. टाकीकडं आला नि थबकला. "ये टिका हय इधर. जरा साफ करूँ क्या?"

"टिळ्याला हात नको लावू!" मी ओरडलोच. "पूजेचं आहे ते! मी स्वतः लावलंय!"

"नको तर नको, भाऊ. पूजा की चीज हय." बिचाऱ्यानं झाकण कडेकडेनं बोटांच्या टोकांनी धरून अदबीनं उघडलं, ताजं पेट्रोल ओतलं, अदबीनं लावलं. घर्रर्र!

मी त्याला मिठी मारली. तो चहा पिऊन कोपऱ्यापर्यंत पोहोचला असेल नसेल, मशीन बंद! त्याला परत बोलावलं. त्यानं परत सगळं खोललं, टाकी उघडून बघितली, परत चालू. परत बंद! आता खलीलभाईच्या कपाळाला घाम आला. "भाऊ, मेरी जिंदगी में ऐसा इंजिन नहीं देख्या. ये नाराज हय किसी से."

बारा वाजून गेले. मंडपवाल्याचा टेम्पो फाटकाशी उभा. तो म्हणाला, "काका, गवतावर गालिचा टाकला नि खालून काही निघालं, तर माझी जबाबदारी नाय." कडूबाईला फोन लावला, तर ती बहिणीकडं गावाला गेलेली!

खलीलभाई म्हणाला, "आजकाल पेट्रोल में वो उसाचं इथेनॉल मिलाते ना, शायद वोच." मला तेवढंच पाहिजे होतं. म्हणजे ना माझी चूक, ना मशीनची!

आणि नेमका त्याच वेळी होणाऱ्या व्याह्यांचा फोन आला. तात्यासाहेब, कन्नडचे. पंधरा एकर ऊस.

"काय सांडूभाऊ, झाली का तयारी?"

माझं डोकं तापलेलं. "कसली तयारी तात्यासाहेब! तुमच्या उसानं घात केला! तुमच्या उसापायी सगळं बंद पडलंय इथं!"

पलीकडून आवाज चढला, "आमच्या उसानं? अजून कुंकू लागलं नाय नि आमच्या उसाला नावं? थांबा. पाचला नाय, आत्ताच निघतो. येऊन बघतो काय बंद पडलंय ते!"

फोन कट! आता गवत राहिलं बाजूला, सोयरीकच मोडायची वेळ आली. घरात कुणाला सांगायची छाती होईना. मी मुकाट्यानं दोरी ओढत राहिलो.

अडीचला दोन जीपा येऊन थांबल्या. पांढरं धोतर, गुलाबी फेटा, पायात करकरीत जोडा अशा थाटात तात्यासाहेब उतरले, मागं त्यांचा मुलगा सत्यम, मागं सगळं कन्नड. आणि मी कसा? बनियनवर, डोक्यात गवत, तोंडाला काळं ऑइल! मोनिका गॅलरीत उभी. तिनं मेंदीचे हात तोंडापाशी नेले.

"बोला," तात्यासाहेब म्हणाले. "काय केलं आमच्या उसानं?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात फाटक धाडकन वाजलं. द्वारका! पदर खोचलेला, कडेवर पंधरा किलोचा तेलाचा डबा, दुसऱ्या हातात पातेलं. तिनं पाव्हणे बघितले की नाही कोण जाणे, डबा आणून माझ्या पायांपाशी आदळला.

"सकाळपासून घसा कोरडा पडला माझा! पाव्हणे दारात, नि कढई रिकामी! पाडा भोक!"

मी खिळा घेतला, हातोडी घेतली, एक घाव घातला. डबा तिरपा केला तसं तेल भळाभळा पातेल्यात आलं.

"आलं ना?" द्वारका म्हणाली. "एवढंच काम होतं! हवा आत गेल्याबगर तेल बाहेर येतं का कधी? शेंबड्या पोराला कळतं." तिनं मशीनकडं बघितलं. "त्या टाकीला तरी आहे का दुसरं भोक? का तिलाही गुदमरवलंय?"

खलीलभाईनं कपाळावर हात मारला. "या अल्ला! भाभी! ढक्कन में हवा का सुराख रहता! ढक्कन खोले की चालू, बंद करे की बंद! मय भी गधा!"

सगळे झाकणावर वाकले. झाकणाच्या मधोमध, जिथं भोक असायला पाहिजे तिथं, मी लावलेला तेलातल्या कुंकवाचा टिळा होता. सिमेंटसारखा! द्वारकेनं तोच खिळा घेतला, मशीनला हात जोडले नि टिळा खरवडला. भोकातून अख्खा एक तांदूळ निघाला. माझीच अक्षता!

"हवेचा दाब," राजकुमार सर हळूच म्हणाले. "सातवीला आहे हा धडा." मग आणखी हळू, "मीच शिकवतो."

"कुणी लावलं हो हे कुंकू?" तात्यासाहेबांनी विचारलं.

खाली मान घालून मी हात वर केला. आमच्या कंपनीत हजेरीला करायचे तसा.

तात्यासाहेबांनी एकदा झाकणाकडं, एकदा माझ्याकडं बघितलं. मग त्यांचा फेटा हलायला लागला, मग पोट, आणि मग ते असे हसले, असे हसले, की जीपच्या दाराला धरावं लागलं. "म्हणजे आमचा ऊस सुटला म्हणायचा!" त्यांनी जोडे काढले, धोतर खोचलं. "सरका पाव्हणे! आमच्या उसाच्या पेट्रोलवर कसं चालतंय बघा!" आणि दोरी ओढून निघाले की मशीन घेऊन! मी मागून गवत गोळा करायला. एका तासात मैदान असं लख्ख झालं की मंडपवाल्यानंसुद्धा चप्पल काढून पाय ठेवला.

पाचच्या ठोक्याला कार्यक्रम सुरू झाला. गरम भजी झाली, सुपारी फुटली. मोनिका नटून पाटावर बसली होती, तिकडच्या बायका म्हणत होत्या, "मैदान लई छान केलं गं तुझ्या पप्पांनी!" ती माझ्याकडं बघून नुसती हसली. माझ्या डोळ्यांत पुन्हा धूळ गेली.

मग माझी पाळी. जावईबापूंना टिळा लावायचा. मी कुंकवाचं ताट घेतलं, सत्यमसमोर उभा राहिलो, अंगठा कुंकवात बुडवला, मूठभर अक्षता उचलल्या. तेवढ्यात शेजारून मोनिकानं मांडवभर ऐकू जाईल असं सांगितलं,

"पप्पा, बेतानं हं! यांना आयुष्यभर चालायचंय."