छोट्या रेल्वेची परिणामकारक कार्यशाळा

दातकाकांचा उजवा हात थरथरू लागला आहे, हे सगळ्यात आधी एका स्क्रूला कळलं. इंजिनाच्या पोटातला, मुंगीएवढा स्क्रू. तो चिमट्यातून सुटला, तळघराच्या फरशीवर टिचकन वाजला आणि जो गेला तो कायमचा गेला. काका गुडघ्यांवर बसून बराच वेळ शोधत राहिले. स्क्रू सापडला नाही, पण फरशीवर टेकलेला आपला हात मात्र त्यांना नीट दिसला.

दातकाका म्हणजे निवृत्त दंतवैद्य. वाचनालयाच्या तळघरात छोट्या रेल्वेच्या हौशी लोकांचं एक मंडळ होतं. सभासद भरपूर, कौतुक करणारे त्याहून जास्त आणि गाडी चालती ठेवणारा माणूस एक, ते हे काका. एका लांबलचक टेबलावर त्यांनी रूळ, पूल, स्टेशन, बोगदा असं सगळं मांडलं होतं. दातांचे साचे घ्यायच्या उरलेल्या प्लास्टरचा डोंगर केला होता. तो दुरून डोंगर दिसे आणि जवळून वरची दाढ. गाडी त्या दाढेतून आत शिरे आणि पलीकडून बाहेर पडे.

ही गाडी अडायची ती नेहमी एकाच जागी. बोगद्यापुढच्या सांध्यावर, जिथे एका वाटेच्या दोन वाटा होतात. कारण साधं होतं. इंजिनाला वीज रुळांतूनच मिळते आणि रुळांवर धूळ अन् तेलकटपणा साचला की ती तुटते. मग काका साधं खोडरबर घेऊन सांध्याच्या आतल्या कडा घासत, स्पिरिटच्या फडक्याने पुसून घेत, की गाडी सुरू. सँडपेपर कधी लावायचा नाही, ओरखड्यांत मळ जास्त बसतो. आणि अडलेल्या गाडीला बोटाने ढकलायचं तर मुळीच नाही. ढकलली की ती पुढे जाते खरी, पण मळ जागच्या जागी राहतो. "दातांचंही असंच आहे," काका म्हणत. "सगळे वरून चमकवतात. घाण असते ती सांध्यात."

पण त्या कडा घासायला हात स्थिर लागतो.

"मग ठेवा ना आता बाजूला," काकू म्हणाल्या. "कप हातात धरता तेव्हा बशी वाजते. पण एक सांगते, ते खटलं घरी आणायचं नाही. मागे मी आजारी होते तेव्हा पलंगाखालून मालगाडी जात होती. डॉक्टरांना वाटलं माझ्याच छातीत घरघर आहे."

"घरी नाही गं आणत. कुणीतरी एकाने शिकून घेतलं की माझं काम झालं."

"मग शिकवा की. तोंडात कापूस कोंबून लोकांना एवढं ऐकवलंत आयुष्यभर!"

म्हणून मंडळाच्या बैठकीत काका उठले आणि म्हणाले, "माझा हात आता साथ देत नाही. ज्याला हौस असेल त्याने मंगळवारी दुपारी तळघरात यावं. दुपारभरात सगळं हातात देतो. नाहीतर माझ्यामागे ही गाडी बंद पडेल."

सभासद एकमेकांकडे बघू लागले. समोरच्या दुकानात केस कापणारी बाई तेवढी चटकन म्हणाली, "मी येते काका." तिला सगळे कात्री म्हणत. दिवसभर ती लोकांच्या कानांलगत धारदार पातं चालवत असे आणि गावातले सगळे कान अजून जागेवर होते. काकांनी तिच्या हातांकडे पाहिलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात अध्यक्ष खाकरले.

अध्यक्षांची सगळी नोकरी एका मोठ्या कचेरीच्या प्रशिक्षण विभागात गेली होती. कर्मचाऱ्यांना जिना कसा उतरावा याचं प्रशिक्षण त्यांनीच सुरू केलं होतं. ते इतकं यशस्वी झालं, की पुढे लिफ्ट बसवली तेव्हा कुणी तिच्यात शिरायला तयार होईना.

"काकांची तळमळ मी समजू शकतो," अध्यक्ष म्हणाले. "पण असं कुणीही यावं, कुणीही शिकवावं, याला शिकवणं म्हणत नाहीत, गप्पा म्हणतात. आपण रीतसर कार्यशाळा घेऊ. परिणामकारक कार्यशाळा! काका त्यात विषयतज्ज्ञ."

विषयतज्ज्ञ हा शब्द काकांना आयुष्यात कुणी लावला नव्हता. लोक त्यांना घाबरून दाराबाहेरूनच परत जात. ते जरा ताठ बसले आणि मान हलवली. इथेच घोटाळा झाला, पण ते तेव्हा कळत नाही.

पुढच्या बैठकीत कार्यशाळेचं उद्दिष्ट ठरवायचं होतं. काका म्हणाले, "उद्दिष्ट काय, गाडी चालू राहावी."

"हे गाडीचं उद्दिष्ट झालं, काका," अध्यक्ष हसले. "उद्या गाडी बंद पडली तर कार्यशाळा फसली असं होईल. उद्दिष्ट असं हवं, की ते गाठलं नाही असं कुणाला म्हणताच येऊ नये." आणि त्यांनी लिहिलं, 'सहभागी व्यक्तीच्या मनात रुळांविषयी सकारात्मक दृष्टिकोन निर्माण होईल.'

काकांना यात काही चूक काढता येईना. रुळांविषयी वाईट मत असणारा माणूस त्यांना कधी भेटला नव्हता.

नंतर गरजांची पाहणी झाली. कात्रीला विचारलं, तुम्हाला काय शिकायचंय? ती म्हणाली, "गाडी अडली तर सुरू कशी करायची ते." अध्यक्षांनी अहवालात नोंदवलं, 'सहभागींमध्ये अडचणींविषयी भीती आढळते. आत्मविश्वासावर काम करावे लागेल.' त्यामुळे पहिलं सत्र आत्मविश्वासाचं ठेवलं.

त्या सत्रात प्रत्येकाने आपण रेल्वेचा कोणता भाग आहोत ते सांगायचं होतं. एक निवृत्त शिक्षक म्हणाले, "मी मालडबा. आजवर नुसतं ओझं वाहिलं." त्यांचे डोळे भरून आले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक गृहस्थ म्हणाले, मी सिग्नल. त्यांच्या पत्नी मागून म्हणाल्या, "हो, लालच." कात्रीची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "मी केस कापते. खरं इंजिन कधी बघायचं आपण?" तिला 'गटात मिसळण्यास वेळ लागतो' असा शेरा मिळाला.

इंजिन टेबलावरच होतं, त्यामुळे लोकांचं लक्ष सारखं तिकडे जाई. बोलणाऱ्याकडे कुणी बघेना. अध्यक्षांच्या अनुभवी नजरेतून हे सुटलं नाही. "शिकण्यात हा मोठा अडथळा आहे," ते म्हणाले आणि इंजिन कपाटात ठेवून कुलूप लावलं. काकांनी तोंड उघडलं, तेव्हा अध्यक्ष हळूच म्हणाले, "काका, तुमच्याच गाडीच्या भल्यासाठी." काकांनी तोंड मिटलं. विषयतज्ज्ञाचा बिल्ला त्यांच्या छातीवर होता. बिल्ला लावलेल्या माणसाला भांडताना अवघड जातं.

खुर्च्या वाढल्या तसं टेबल भिंतीला सरकवलं. पडद्यावर इंजिनाचं चित्र दाखवायचं ठरलं, पण पडद्यापुढे डोंगर आडवा येत होता. दाढ उपटावी लागली. काकांनी ती स्वतःच उपटली. तेवढं काम त्यांना अजून जमत होतं.

मग प्रश्न आला शिकवायचं कुणी. "अर्थात काकांनी!" अध्यक्ष म्हणाले. "फक्त एक आहे. शिकवणाऱ्याने शिकवण्याचं प्रशिक्षण घेतलेलं असावं, आणि ते घ्यायला आधी मूळ कार्यशाळेचं प्रमाणपत्र लागतं. नियम सगळ्यांना सारखा. काका, तुम्ही पहिल्या तुकडीत बसा."

"माझ्याच गाडीच्या कार्यशाळेत मी विद्यार्थी?"

"विद्यार्थी नाही हो. सहभागी."

काका मागच्या रांगेत, मालडब्याशेजारी बसले. त्या संध्याकाळी घरी काकूंनी विचारलं, "काय शिकवलंत आज?"

"आज मी शिकलो."

"काय?"

काकांनी विचार केला. "रुळांविषयी माझा दृष्टिकोन सकारात्मक आहे."

काकूंनी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

परीक्षा झाली. रूळ किती असतात, गाडी कशावरून जाते, सांधा म्हणजे काय याबद्दल आपल्याला काय वाटतं, असे प्रश्न होते. शेवटचा प्रश्न होता, 'अडलेल्या गाडीला पुढे नेण्यासाठी सर्वांत आवश्यक काय?' पर्याय होते संयम, संवाद, नेतृत्व आणि वरील सर्व. काकांनी समासात बारीक अक्षरात 'खोडरबर' लिहिलं आणि त्यांचा तो प्रश्न चुकला. तरीही ते काठावर पास झाले. कात्री पहिली आली. तिच्या हुशारीबद्दल शंका नव्हतीच. मंगळवारी दुपारी ती दुकान बंद ठेवून येत होती, आणि माणसाला जे शिकवतात तेच तो शिकतो. तिला लगेच पुढच्या प्रशिक्षणाला पाठवलं, आणि ती प्रशिक्षक झाली. मालडबाही झाला. सिग्नल तर प्रशिक्षकांचा प्रशिक्षक झाला. थोड्याच दिवसांत तळघरात प्रशिक्षक इतके झाले, की शिकायला येणाऱ्यांना उभं राहावं लागे.

या सगळ्याची कीर्ती वर वाचनालयाच्या प्रमुखबाईंच्या कानावर गेली. त्या समारोपाला आल्या. भाषणं झाली, अहवाल वाचला गेला, समाधानी सहभागींचा आकडा सांगितला गेला. तो असमाधानी कुणीच नसल्यामुळे फार मोठा होता. प्रमुखबाई हसून म्हणाल्या, "छानच! आता एकदा गाडी दाखवा की."

अध्यक्षांनी असा चेहरा केला, की जणू ही सूचना प्रथमच कुणी केली होती. कपाटाची किल्ली शोधली. ती सापडेना म्हणून कडी उचकटली. टेबल ओढून आणलं. बोगदा नव्हता, पण सांधा तिथेच होता. कुणीतरी इंजिन उलटं धरून रुळांवर ठेवायला गेलं. काकांच्या घशातून आवाज निघाला, तेव्हा ते सरळ केलं गेलं. बटण दाबलं. गाडी निघाली, स्टेशन ओलांडलं, पुलावरून गेली आणि सांध्यावर येऊन थांबली.

सगळे प्रशिक्षक पुढे झुकले.

"हिचा आत्मविश्वास कमी पडतोय का?" सिग्नल म्हणाले.

"गटचर्चा घेऊया," मालडबा म्हणाला.

काकांनी खिशातून खोडरबर काढलं. हात सांध्याकडे नेला. हात असा थरथरला, की शेजारचा सिग्नलचा खांब आडवा झाला. त्यांनी कात्रीकडे पाहिलं, आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, जरा हे धर. आतल्या कडा घासायच्या. तुझा हात चांगला आहे."

कात्रीने खोडरबराकडे पाहिलं, मग समोर बसलेल्या आपल्या तुकडीकडे पाहिलं. ती काकांच्या कानाशी वाकली. "काका, खरं सांगू? इंजिन कुठून धरायचं तेसुद्धा मला माहीत नाही. कधी हात लावूच दिला नाही हो कुणी."

"मग आता लाव."

"आता? एवढ्या लोकांपुढे? मी प्रशिक्षक आहे काका!"

"मग मंगळवारी गुपचूप ये."

"मंगळवारी माझी तुकडी असते," ती म्हणाली, आणि तिला खरंच वाईट वाटलेलं दिसलं.

प्रमुखबाईंनी घड्याळ पाहिलं. तेवढ्यात अध्यक्ष पुढे आले, आणि त्यांनी एका बोटाने गाडी ढकलली. गाडी सांध्यावरून पलीकडे गेली, एक फेरी मारून पुन्हा तिथेच आली, पुन्हा थांबली, पुन्हा बोट लागलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. दुसऱ्या दिवशी मंडळाने ठराव केला, की प्रत्येक फेरीला बोट लावण्याचं काम आळीपाळीने एकेका प्रशिक्षकाने करावं, आणि त्यासाठी वेगळी कार्यशाळा घ्यावी.

काकूंना हे कळलं तेव्हा त्या खूप हसल्या, आणि मग नवऱ्याच्या हाताकडे बघून हसायच्या थांबल्या. "आणा ते इकडे," त्या म्हणाल्या. "पलंगाखाली नाही, टेबलावर ठेवा."

"मंडळ देत नाही. घरी न्यायला ठराव लागतो."

म्हणून काका अजून मंगळवारी दुपारी तळघरात जाऊन बसतात. आता शेजारच्या मोठ्या खोलीत तुकडी चाललेली असते. काका दार उघडं ठेवतात.

तुम्हीही हसला असाल. ही मंडळी किती बावळट, एका साध्या गोष्टीसाठी केवढा पसारा, असं म्हणाला असाल. ठीक आहे. सांध्यावर अडलेली गाडी सुरू कशी करायची, हे काकांनी तुम्हालाही सुरुवातीलाच सांगितलं होतं, अध्यक्षांच्या आधी. मागे न बघता सांगा बरं, काय लावायचं, कुठे घासायचं, कशाने पुसायचं आणि काय कधीच लावायचं नाही?

आठवत असेल तर मंगळवारी या. काका वाट बघतायत. नसेल आठवत, तर शेजारच्या खोलीत जा. तिथे जागा आहे, तिथे नेहमीच असते. आणि तुमच्याकडे बघून वाटतं, की तुम्ही पहिले याल.