बेचाळीस जणांची चव समिती

अन्न एका जागी उरतं आणि भूक दुसऱ्या जागी. या दोन जागांमधलं अंतर मोजण्यासाठी समाजाला संस्था लागते. वारंगा फाट्यावर हे अंतर दीड किलोमीटर भरतं. एका टोकाला मंगल कार्यालय, दुसऱ्या टोकाला हळद काढायला आलेल्या मजुरांची पालं. (नवरीच्या अंगाला लागते ती हळद याच हातांनी काढलेली असते, पण हातांना पत्रिका पाठवायची पद्धत नाही.)

संस्था नव्हती तेव्हाची अव्यवस्था काय सांगावी! मंगल कार्यालयात पुऱ्या लाटणारी गोजरबाई शेवटची पंगत उठली की उरलेल्या पातेल्यांची झाकणं उघडायची, वास घ्यायची, एक घास तोंडात टाकायची आणि एक ओवी म्हणून होईतो थांबायची:

पहिला माझा घास गं, पातेल्याच्या काठाला
इटलं का न्हाई, पुसा माझ्या ओठाला

ओवी संपली आणि घास विटका लागला नाही, की रामकिशनच्या अ‍ॅपे रिक्षात पातेली चढायची आणि वीस मिनिटांत पालावर पंगत बसायची. नऊ वर्षांत एकाचंही पोट बिघडलं नाही. (याची कुठेही नोंद नाही. त्यामुळे हे घडलं असं म्हणता येत नाही.)

एका लग्नाला पुण्याहून आलेल्या संपदा मॅडमनी हे पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. डोळे पुसून त्यांनी दोन दिवसांचं प्रशिक्षण ठेवलं. त्यात असं निघालं, की अन्न काय, कसंही वाचेल; नेतृत्व मात्र लोकांमधून आलं पाहिजे. त्यानुसार 'लोकनेतृत्व अन्नरक्षण संस्था' स्थापन झाली आणि गोजरबाई अध्यक्ष झाली. औंढ्याचे निवृत्त हेडक्लार्क विष्णुपंत सचिव झाले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, त्यामुळे नको म्हणायचीही सोय नव्हती.

विष्णुपंत माणूस सज्जन. पहिल्याच दिवशी त्यांनी गोजरबाईच्या हातातलं पातेलं काढून घेतलं आणि तिला खुर्ची दिली. अध्यक्षांनीच पातेलं उचललं तर इतरांच्या नेतृत्वाला वाव कसा मिळणार, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता. घास घेण्याचं काम त्यांनी पालावरच्याच पाच जणांच्या चव समितीकडे दिलं, रामकिशनला उपाध्यक्ष (वाहतूक) केलं आणि क्रम आखून दिला: आधी मागील सभेचं इतिवृत्त, मग चव, मग अहवाल, त्यावर चर्चा, मग ठराव आणि मगच वाटप. अंतर तेवढंच राहिलं, दीड किलोमीटर. वेळ मात्र वीस मिनिटांवरून तीन तास दहा मिनिटांवर गेला. कामाची खोली किती वाढली ते यावरून दिसतं.

पहिल्या लग्नाचं वरण ठराव क्रमांक तीनपर्यंत टिकलं. चौथ्याला त्याला फेस आला. ते नाल्यात ओतलं तेव्हा पालावरची लेकरं ताटल्या घेऊन रांगेत उभी होती. कुत्र्यांनी ते चार मिनिटांत संपवलं. (कुत्र्यांमध्ये अजून नेतृत्वविकास झालेला नाही.) पालावरच्या मनकर्णाने लेकीच्या हातातली कोरडी ताटली घेतली, उगीच पदराने पुसली आणि पालात गेली. अध्यक्ष खुर्चीत बसून त्या ताटलीकडे बघत राहिल्या. इतिवृत्तात 'सभा खेळीमेळीत पार पडली' अशी नोंद आहे.

पुढच्या रविवारी मोठं लग्न होतं. स्वयंपाक आठशे माणसांचा, जेवली सव्वापाचशे. बाकीच्यांनी फोनवर 'येतोच' म्हटलं होतं. अडीच वाजता वरणाची दोन पातेली, भात, वांग्याची भाजी आणि घमेलंभर बुंदी जशीच्या तशी उरली. वर एप्रिलचं ऊन. गोजरबाईने खुर्चीतूनच वास घेतला: वरणाच्या हातात दोन तास होते. विष्णुपंतांनी चष्मा लावून मागील सभेचं इतिवृत्त काढलं. सतरा पानं होती.

"पंत," गोजरबाई म्हणाली, "चव समितीत लई झाले तर किती घेता येत्यात?"

"वरची मर्यादा नाही, अध्यक्षबाई. उलट जितका लोकसहभाग, तितकं चांगलं."

"मंग पालावरची समदीच घ्या. एक्केचाळीस हायती. मनकर्णाच्या धाकट्याला परवा दात आले, ते बेचाळिसावं."

विष्णुपंतांनी नियमावली चाळली. नियमात दातांची अट नव्हती.

"अन् चव किती घ्यायची?"

"नियमात 'खात्री पटेपर्यंत' असं आहे. पण आधी इतिवृत्त..."

"ते तर कानानं ऐकायचं असतंय, पंत. तोंड रिकामंच हाय."

उपाध्यक्षांनी (वाहतूक) अ‍ॅपे सुरू केली.

पालांसमोर समिती पंगतीने बसली. गोजरबाईने स्वतः पातेलं उतरवलं, पहिला घास घेतला, ओवी म्हटली. तेवढा वेळ समिती थांबली. (हे नियमात नव्हतं.) मग हळदीने पिवळे झालेले हात वरणभातात उतरले, आणि वरण पिवळं की हात, ते कळेना. समितीने अत्यंत कसोशीने काम केलं. काही सदस्यांनी भाताची चारचारदा चव घेतली. बुंदीबद्दल लहान सदस्यांची खात्री लवकर पटत नव्हती. विष्णुपंत सातव्या पानावर आले तेव्हा पातेल्याचा तळ दिसू लागला होता. गोजरबाईने त्यांच्यापुढे ताट सरकवलं.

"सचिवांची चव राहिली की."

आठवं पान त्या दिवशी वाचलं गेलं नाही.

अहवाल एकमताने आला: अन्न खाण्यायोग्य होतं. लगेच वाटपाचा ठरावही मंजूर झाला. वाटायला काहीच उरलं नव्हतं, त्यामुळे त्याच्या अंमलबजावणीत कसलीही तकलीफ आली नाही.

संपदा मॅडमना वार्षिक अहवाल गेला: वाटप शून्य, चव समितीचे सदस्य बेचाळीस. लोकसहभागाचा असा नमुना दुसरीकडे पाहिला नाही, असं त्यांनी कळवलं. शून्याबद्दल काही विचारलं नाही.

अहवालाच्या शेवटी आभार होते. विष्णुपंतांनी तिथे वधूपित्याचं नाव घातलं होतं. गोजरबाईने ते खोडायला लावलं.

"त्यायनं रांधलं ते पाहुण्यांसाठी. आमच्यासाठी ठिवलं ते न आलेल्यांनी. त्यांचे माना आभार."

म्हणून 'येतोच म्हणून न आलेल्या पावणेतीनशे दात्यांचे' आभार छापले आहेत. जागेअभावी नावं दिलेली नाहीत, पण तुमचं त्यात आहे. ती पत्रिका अजून तुमच्या टीव्हीमागे असेल. पुढच्या रविवारचीही एक आली आहे म्हणे, आणि तुम्ही फोनवर 'सहकुटुंब येतोच' म्हणालात.

बरं केलंत. गोजरबाईने पालावर निरोप धाडलाय: ताटल्या घासून ठेवा.