गुलाबचंदांचा कडेकोट बंदोबस्त

कुडव्यात अख्ख्या गल्लीत अक्कल फक्त आपल्याच कवटीत उतरली आहे, असं गुलाबचंद कटरेंचं ठाम मत होतं. खता-बियाण्यांच्या दुकानात युरिया घ्यायला आलेल्या माणसालाही ते आधी विचारायचे, "तुह्या मोबाईलचा पासवर्ड काय आहे?" तो बिचारा सांगून टाकायचा! मग गुलाबचंद कपाळावर हात मारत, "गाढवा, सांगाचा नसते!"

त्या सोमवारी त्यांनी घरातले सगळे पासवर्ड एका दमात बदलले. एकेक पासवर्ड रेल्वेच्या मालगाडीएवढा! कुठेही लिहून ठेवला नाही. लिहिणं म्हणजे चोराला जेवायला बोलावणं. मोबाईलमधली अंगठ्याची खूणही काढून टाकली. मुलगी गुंजन हिच्या नर्सिंग प्रवेशाच्या खात्यावर ओटीपीसाठी बायकोचा, निर्मलाबाईंचा, नंबर टाकला. त्या तेव्हा माहेरी, दवनीवाड्याला. "चोर कुडव्यात शोधन, ओटीपी दवनीवाड्यात!" गुलाबचंद स्वतःवरच खूश झाले.

गुंजन मैत्रिणीच्या घरच्या लग्नाला देवरीकडच्या जंगलातल्या गावी गेलेली. तिथं रेंज नाही. जाताना म्हणाली होती, "पप्पा, कॉलेजांचे पर्याय भरले आहेत. सोमवारी पाच वाजेपर्यंत फक्त 'लॉक'चं बटण दाबा. नाही तर वर्ष जाईल माझं!"

दुपारी तीनला गुलाबचंद दुकानातल्या कॉम्प्युटरसमोर बसले आणि पासवर्ड आठवेना. मालगाडीचे पहिले दोन डबे आठवले, बाकी गाडी पसार! 'पासवर्ड विसरलात?' हे बटण त्यांनी असं दाबलं, जणू दुसऱ्याच कोणासाठी दाबतोय. ओटीपी गेला दवनीवाड्याला. बायकोला फोन लावावा म्हटलं, तर मोबाईलचा नवा पिनही आठवेना. पाच वेळा चुकला आणि मोबाईलने तोंड मिटलं.

शेजारी मंजूचं ब्युटी पार्लर. गुलाबचंदांनी तिचा फोन मागून घेतला. बायकोचा नंबर पाठ होता, एवढीच त्यांच्या संसाराची जमेची बाजू.

"हॅलो, मी बोलून राहिलो. आत्ता एक ओटीपी आला असन, तो सांग लवकर!"

निर्मलाबाईंनी स्क्रीनवर नाव वाचलं. मंजू ब्युटी पार्लर!

"कोण मी?"

"अवो, मी! गुंजनचे पप्पा!"

"गुंजनचे पप्पा ब्युटी पार्लरात कायले जातीन? डोक्यावर केस तरी आहेत का त्यायच्या?"

"आवाज ओळखून नाही राहिली का?"

"आवाजाची नक्कल करतेत म्हणून त्यायनंच सांगतलं मले! ओटीपी सख्ख्या नवऱ्यालेही सांगाचा नाही म्हणे. बरं, नवराच आहेस तर सांग. माह्या कोणत्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं?"

गुलाबचंद आठवू लागले. आठ दिवस दवाखान्यात डबा नेला होता. पण नजर सगळा वेळ मोबाईलवर!

"उ... उजव्या?"

"मुडद्या!" फोन कट.

निर्मलाबाईंनी लगेच गुलाबचंदांनीच काढलेल्या 'कटरे परिवार सायबर सुरक्षा' ग्रुपवर मंजूचा नंबर टाकला. 'सावधान! भामटा यांच्या आवाजात ओटीपी मागून राहिला!' दहा मिनिटांत मंजूच्या फोनवर बेचाळीस नातेवाइकांच्या शिव्या, मराठीत, पोवारीत आणि हिंदीत! मंजूने गुलाबचंदांना हाकलून लावलं.

मग स्कूटर काढली. धुळीसाठी तोंडाला गमछा, वर हेल्मेट. दवनीवाड्यात सासरच्या फाटकाशी मेव्हणा टेकचंद काठी घेऊन उभाच!

"कोण बे?"

"मी!"

"तो फोनवालाही 'मी'च म्हणत होता!" टेकचंदने काठी उगारली. हेल्मेट निघालं, चकाकतं टक्कल दिसलं, तेव्हा कुठं काठी खाली आली.

चार पस्तीस झाले होते. निर्मलाबाईंनी टेकचंदच्या मोबाईलवर खातं उघडलं, स्वतःच्या नंबरवर नवा ओटीपी मागवला, छोटासा पासवर्ड ठेवला, तो लगेच वहीत लिहून वही पेटीत घातली आणि चार चाळीसला स्वतः 'लॉक' दाबलं. पाच मिनिटांचं काम! गुलाबचंद तेवढा वेळ बाजेवर बसून पाणी पीत राहिले.

चहा देताना त्या म्हणाल्या, "पण आवाज हुबेहूब तुमचाच होता, जी. बरं झालं गुडघा विचारला. मेल्याले तेवढंही माहीत नव्हतं! तुमीच केलता का फोन?"

टेकचंदही बघत राहिला. काठी अजून हाताशीच.

सत्य सांगावं तर गुडघा आडवा येत होता. गुलाबचंदांनी चहाचा घोट गिळला.

"मी? छ्या! भामटाच असन. लई हुशार असतेत ते लोक."

"हुशार?" निर्मलाबाई डावा गुडघा चोळत म्हणाल्या, "येडा बैताडच वाटला मले तर."

गुलाबचंदांनी मान डोलावली. नाही कसं म्हणणार?