प्रार्थनेतच उरकलेला धडा

लाज? आणि मला? अहो, औषधाच्या दुकानात उभं राहून माझे केस पांढरे झाले! गिऱ्हाईक खोकत, चुळबुळ करत, इकडेतिकडे बघत जे मागणार असतं, ते त्याने तोंड उघडायच्या आत मी कागदात गुंडाळून पुढ्यात ठेवतो. त्यामुळे आमच्या चर्चचे पाळकसाहेब जेव्हा म्हणाले, "मंडळीतल्या मुलामुलींना वयात येण्याबद्दल सगळं नीट सांगणारं कुणीतरी हवंय," तेव्हा मी छाती फुगवून म्हटलं, "त्यात काय! माझ्या हातचा मळ!"

घरी लेकीने हे ऐकलं आणि ताट बाजूला सारलं. ती नववीत आहे.

"बाबा, प्लीज! दुसरं कुणीही चालेल!"

"का गं? मला सगळं माहीत आहे."

"तेच तर! मैत्रिणींसमोर माझं नाक कापलंत ना, तर आयुष्यात तुम्हाला काही विचारणार नाही!"

हे मात्र काळजाला लागलं. कारण खरं सांगू? मी हो म्हटलं होतं ते तिच्यासाठीच. तिला काही अडलं तर तिने मोबाइलला नाही, मला विचारावं, एवढीच माझी इच्छा होती.

रविवारी उपासना झाली आणि चर्चमागच्या खोलीत मुलं जमली. मी फळ्यावर पहिला शब्द लिहिला आणि मागे वळलो. पहिल्याच रांगेत लेक! मी गच्चीच्या कठड्यावर चढलोय, अशा नजरेने ती माझ्याकडे बघत होती. माझी बोबडीच वळली. दुकानात मध्ये काउंटर असतो हो! इथे काहीच नव्हतं.

"आधी... आधी प्रार्थना करू या. डोळे मिटा!"

सगळ्यांनी मिटले. मीही मिटले. आणि काय सांगू, जीभ सुटलीच! "हे प्रभू, या वयात मुलांचा आवाज फुटतो, मुलींना पाळी येते, त्यात घाण असं काही नाही, हे तू जाणतोसच..." कुणी माझ्याकडे बघत नव्हतं, मी कुणाकडे बघत नव्हतो. मग आमेन म्हणायची घाई कशाला? अख्खा धडा प्रार्थनेतच उरकायचं ठरवलं. "प्रभू, समोरचा 'नाही' म्हणाला की ते 'नाही'च, हे यांच्या डोक्यात घाल. आणि दिवस कसे राहतात..."

मध्येच दार करकरलं. पावलं वाजली. कुणी उशिरा आलं असेल म्हणून मी चालूच ठेवलं.

आता आमच्याकडची रीत अशी, की प्रार्थना चालू असताना आत आलेल्याने आमेन होईपर्यंत मान खाली घालून जागच्या जागी उभं राहायचं. बोलायचं नाही, हलायचं नाही, बाहेर तर मुळीच जायचं नाही! ही रीत मला लहानपणापासून पाठ आहे. नेमकी त्याच घडीला आठवली नाही.

मी गर्भनिरोधकांपर्यंत पोचलो. कसं वापरायचं, फाटलं तर काय करायचं, सगळं प्रभूला सविस्तर सांगितलं. "आमेन!"

"आमेन!" उत्तर भलतंच दणदणीत आलं. आणि जरा घोगरं.

डोळे उघडले. मुलांच्या मागे अख्खा महिला संघ उभा! त्यांची सभा त्याच खोलीत होती. आणि सगळ्यांच्या पुढे माझ्या सासूबाई! सासूबाईंनी शांतपणे चष्मा पुसला.

"जावईबापू, ही प्रार्थना माझ्या तरुणपणी कुणी केली असती, तर मी दोन मुलींवर थांबले असते!"

माझी बायको त्यांची पाचवी.

खोली हसून हसून दणाणली. एकटी लेक हसली नाही. संपलं, आता ही जन्मात काही विचारत नाही, असं मनाशी म्हणत मी खाली मान घालून तिच्यासोबत पायी घरी निघालो. चौकात हिरवा दिवा लागला, आम्ही निघालो आणि भर रस्त्यात तिने माझी बाही ओढली.

"बाबा, एक विचारू?"

विचारतेय! माझी लेक मला विचारतेय! मला भरून आलं.

"विचार की, बाळा!"

"वर्गातला एक मुलगा समोर आला की मला उगाचच लाजायला होतं. हे त्यातलंच का?"

ती थेट माझ्या डोळ्यांत बघत होती.

"हो... म्हणजे... आधी आपण डोळे मिटू या."

"बाबा! आपण रस्ता ओलांडतोय!"