बुटांच्या ड्यूटीवरचे मेजरकाका

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाकडे पूजा ठरली की भटजींच्या आधी तळमजल्यावरच्या मेजरकाकांना निरोप जातो. मेजरकाका देव मानत नाहीत. तरीही येतात. कडक इस्त्रीचा शर्ट घालून दाराबाहेर उभे राहतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चपला ताब्यात घेतात. पुरुषांच्या उजवीकडे, बायकांच्या डावीकडे, पोरांच्या सगळ्यात पुढे. सगळ्यांची टोकं बाहेरच्या बाजूला, म्हणजे निघताना पाय सरळ आत. एखादा पाहुणा चपला भिरकावून आत निघाला की मागून आवाज येतो, "जैसे थे!" पाहुणा जागच्या जागी थिजतो. मग परत येऊन चपला उचलून रांगेत लावतो.

आत आरती सुरू झाली की काका बाहेर सावधान. आरती संपली की विश्राम. प्रसादाचे मात्र दोन द्रोण घेतात. मी एकदा छेडलं, तर म्हणाले, "रवा, तूप, साखर. यात न मानण्यासारखं काय आहे?"

खरं नाव भालचंद्र राऊत. अस्सल वसईचे. त्यांच्या वडिलांची केळीची आणि पानवेलीची वाडी होती, तिच्याच काठावर आमची बिल्डिंग उभी आहे. मेजर हे नाव मात्र माझ्यामुळे पडलं. मी सांगलीकडची. आमच्याकडे फौजेतून आलेल्या कुणालाही मेजर म्हणायची पद्धत. राहायला आल्यावर पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "काय मेजर, पाणी किती वाजता येतं?" त्यांनी पाण्याची वेळ सांगितली नाही. म्हणाले, "मॅडम, मी हवालदार म्हणून निवृत्त झालो. मेजर फार मोठा अधिकारी. खोटं चालायचं नाही." पण तोवर जिन्यातल्या पोरांनी ते नाव उचललं होतं. अजूनही कुणी मेजर म्हटलं की ते आधी पुटपुटतात, "हवालदार," आणि मग ओ देतात.

खोटं चालायचं नाही हा त्यांचा मंत्र. मंत्र हा शब्द त्यांना आवडणार नाही, पण दुसरा सुचत नाही. या मंत्रापायीच त्यांच्या नशिबी बूट आले. नशीब हा शब्दही त्यांना आवडत नाही.

पलटणीत दर रविवारी मंदिर परेड असायची. सगळ्यांनी आंघोळी करून, स्वच्छ कपड्यांत, रांगेत मंदिरात जायचं. पलटणीचे धर्मगुरू, म्हणजे पंडितजी, आरती आणि प्रवचन करायचे. नवीन भरती झालेला राऊत पहिल्या रविवारी दाराशी थांबला. सुभेदार मेजरसाहेब म्हणाले, "राऊत, अंदर चलो."

"साहब, मैं नहीं मानता."

"मानने को किसने बोला? चलने को बोला है."

"साहब, हाथ जोड़ूँगा तो झूठ होगा."

काका हे सांगताना सुभेदार मेजरसाहेबांचा चेहरा करून दाखवतात. आधी डोळे मोठे, मग मिशी थरथरणं, मग अख्ख्या पलटणीला ऐकू जाईल असा सुस्कारा. वीस वर्षांच्या नोकरीत त्या साहेबांनी दारू पिऊन आलेले पाहिले होते, रजेवरून उशिरा आलेले पाहिले होते, पण देवाला नको म्हणणारा पाहिला नव्हता. असल्याला शिक्षा कोणती द्यायची हेच त्यांना कळेना.

मग ज्याला जे सुचेल ते त्याने करून पाहिलं. दिवाळीला पहारा राऊतचा, होळीला राऊतचा, जन्माष्टमीलाही राऊतचाच. कारकुनाने धर्माच्या रकान्यात काही नाही असं लिहायला साफ नकार दिला. "मर गया तो जलाएँ या दफ़नाएँ, हमको कैसे पता चलेगा?" राऊत म्हणाले, "तेव्हा मला विचारा." चढावर ट्रक बंद पडला की दहाजण वळून यांच्याकडे बघायचे. एकदा तर एका नाईकाने सरळ सांगितलं, "तू उतर, फिर चलेगा." काका मुकाट्याने उतरले. आणि ट्रक चालू झाला. "तेलाच्या नळीत कचरा होता," काका आजही कळवळून सांगतात, "तो त्याच वेळी निघाला, त्याला मी काय करू?"

शेवटी प्रकरण सीओसाहेबांपर्यंत, म्हणजे पलटणीच्या प्रमुखांपर्यंत गेलं. हुकूम मोडला म्हणून घरी पाठवायचं, इथवर बोलणं आलं. त्या दिवशी पंडितजी स्वतः उठून पुढे झाले. म्हणाले, साहेब, दर रविवारी मंदिराबाहेर बुटांची अदलाबदल होते, सोमवारी अर्धी कंपनी लंगडते. कुणीतरी बुटांवर हवा. या पोराला तिथे उभं करा. परेडला हजर झाला, हुकूमही पाळला, आणि खोटंही बोलला नाही.

तेव्हापासून पेन्शनीत निघेपर्यंत, जिथे पंडितजी तिथे, दर रविवारी, काका मंदिराबाहेर बुटांवर उभे राहिले. बर्फात, वाळूत, कुठेही. सुभेदारीची बढती मात्र त्यावरच अडली. सगळं चांगलं आहे, पण जवानांना आत कोण नेणार, असं वरून आलं. हवालदार म्हणूनच घरी आले. हे सांगताना ते हसतात, पण हसणं जरा लवकर आटपतं. एवढंच मला कळायचं.

मंदाकाकू, म्हणजे त्यांच्या मिसेस, या विषयावर एकच वाक्य बोलतात, "सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही." काकूंचं देवघर मोठं आहे. आणि बिल्डिंगमधलं सगळ्यात लखलखीत. कारण दर शनिवारी काका सगळे देव वर्तमानपत्रावर मांडून पट्ट्याच्या बकलाचं पॉलिश लावून घासतात. मी पाहिलं तेव्हा ते कृष्णाची बासरी काडीला कापूस गुंडाळून साफ करत होते. म्हणाले, "पितळ आहे, मॅडम. काळं पडू द्यायचं नाही." काकू मागून म्हणाल्या, "देवाला नाही म्हणतात आणि चाळीस वर्षं त्याला आंघोळ घालतात."

शेजारच्या गावातल्या चर्चच्या सणालाही ते जातात. तिथून मात्र जरा हिरमुसले होऊन येतात. तिथे बूट काढत नाहीत.

तर अशा या माणसाबद्दल गेल्या वर्षी बिल्डिंगमध्ये एक कुजबुज सुरू झाली. काका दर रविवारी सकाळी कुठेतरी जातात. छातीवर पदकं नाहीत एवढंच, बाकी पोशाख परेडचा. हातात सुकेळ्यांचा, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांचा पुडा, केळीच्या सुकवलेल्या पानात बांधलेला. रिक्षा करून पूर्वेला. पहिल्या मजल्यावरचे पाटील म्हणाले, मी त्यांना वालीवला पाहिलं, देवळाच्या बाजूच्या गल्लीत वळले. झालं. संध्याकाळपर्यंत अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक झालं की मेजर म्हातारपणी लाइनीवर आले. रविवार, इस्त्री, पुडा आणि देऊळ. आणखी पुरावा कशाला हवा? पाटलांना तर एवढा आनंद झाला की यंदाच्या गणपतीला पहिली आरती मेजरांच्या हस्ते, असं त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकून दिलं. खाली पंचवीसेक हात जोडलेली चित्रं.

सेक्रेटरी मी. त्यामुळे विचारायला मला पाठवलं. काका दारात आले. मी फोन दाखवला. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं, प्रत्येक जोडलेला हात बघितला, आणि म्हणाले, "पाटलांना सांगा, जैसे थे."

"मग रविवारी जाता कुठे?"

"कामाला."

काकूंकडे बघितलं तर त्या पदराने हात पुसत म्हणाल्या, "मला नको विचारू, बाई. मी सांगितलं तर म्हणतील गाजावाजा केला."

पुढच्याच रविवारी काकांचा गुडघा धरला आणि त्यात रिक्षा मिळेनात. सकाळी बेल वाजली. काका दारात, पूर्ण पोशाखात, काठी टेकत. "मॅडम, स्कूटर आहे? डिटेल रस्त्यात सांगतो."

माझ्या मागे ते सावधानमध्येच बसले. पुलावर प्रत्येक खड्ड्याला माझ्या कानात, "परेशानी नहीं, परेशानी नहीं." हे त्यांनी मला सांगितलं की स्वतःच्या गुडघ्याला, कळलं नाही. पूल उतरल्यावर डिटेल आला.

पंडितजींचा मुलगा वालीवला प्लास्टिकची झाकणं करणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर आहे. पंडितजी आता त्याच्याकडे असतात. वय झालंय, विसरायला लागलेत. आधी माणसं विसरले, मग घर विसरले, पण रविवार विसरत नाहीत. त्या दिवशी पहाटे उठून साफा बांधतात, खाटेवर बसतात, म्हणतात परेड लागली असेल, जवान थांबलेत. प्रार्थना सुरू करतात आणि पहिल्या ओळीवर अडकतात. पुढचं येत नाही म्हणून रडतात. घरच्यांनी माहीत असलेल्या सगळ्या आरत्या म्हणून पाहिल्या. ते मान हलवतात, ये नहीं, ये नहीं.

"कारण ती त्यांची स्वतःची होती," काका म्हणाले. "पोथीतली नव्हे. आरती झाल्यावर शेवटी ते स्वतः रचलेलं म्हणायचे, जवानांसाठी. मुलाला ती ठाऊक नाही. गावी आई आणि तो, बाप पलटणीत. ऐकणार कुठून? त्याने पलटणीतल्या कुणाकुणाला फोन लावले, त्यात समजलं की मी पटरीच्या पलीकडेच राहतो. म्हणाला, अंकल, आप तो मंदिर परेड में रहते थे ना? मी म्हटलं, रहता था. बाहर."

कारखान्याच्या वरच्या मजल्यावर त्यांची खोली. रविवार असल्याने खाली मशीन बंद होती. सूनबाईने दार उघडलं, "आइए अंकल, सुबह से पूछ रहे हैं." काकांनी बूट काढले. आत जाऊन त्या गुडघ्यासकट जमिनीवर मांडी घातली. मला बघवेना.

पंडितजी अगदी वाळून गेले होते. साफा मात्र नीट. काकांकडे बघून म्हणाले, "आ गए सब?"

"सब हाज़िर, साहब."

पंडितजींनी डोळे मिटले. "जो चढ़ाई पर है..." आणि थांबले. ओठ हलले, कपाळावर आठ्या आल्या. काकांनी हात जोडले नाहीत, डोळे मिटले नाहीत. हलकेच म्हणाले, "उसकी साँस सँभाल."

"उसकी साँस सँभाल," पंडितजींनी म्हटलं. मग काका, मग ते. "जो पहरे पर है, उसकी आँख सँभाल. जिसका ख़त नहीं आया, उसका मन सँभाल." ज्या तोंडातून अख्ख्या पलटणीला एक शब्द काढता आला नाही, घरी पाठवायची भीती घालून आला नाही, सुभेदारी अडवून आला नाही, त्या तोंडातून प्रार्थना येत होती. पाटील असते तर त्यांनी फोटो काढला असता.

मग एका ठिकाणी काका गप्प झाले. मला वाटलं, विसरले. पण पंडितजी थांबलेच नाहीत. कुणी न सांगता, स्वच्छ आवाजात म्हणाले, "जो भीतर आया, उसे सँभाल. जो बाहर खड़ा रह गया, उसे पहले सँभाल."

पंडितजींनी डोळे उघडले, त्यांचा चेहरा निवळला होता. काका पुढे झुकले. "पंडितजी साहब, बाहर तक साफ़ सुनाई देता था."

म्हातारा लहान मुलासारखा खुलला. "सच? बाहर तक?"

"एक-एक शब्द, साहब."

पंडितजी हसले, सुकेळं तोंडात टाकलं आणि प्रेमाने विचारलं, "तू कौन सी कंपनी का है, बेटा?"

परतताना मला समोरचं नीट दिसेना. नाक्यावर एका बाजूला स्कूटर घेतली आणि विचारलंच, "काका, ती शेवटची ओळ तुमच्यासाठी होती?"

"पहिल्या रविवारी नव्हती," ते म्हणाले. "मला बुटांवर उभं केलं, त्या रविवारपासून आली."

"आणि तुम्ही त्यांना कधी काहीच बोलला नाहीत?"

"काय बोलणार? मी मानत नाही हे त्यांना ठाऊक होतं. ते मानतात हे मला ठाऊक होतं. दोघंही ड्यूटीवर." मग त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "ऐकू येतं एवढं सांगायला हवं होतं. सोपं होतं. ते मला ओळखत होते तेव्हा सांगायचं राहिलं. आता दर रविवारी सांगतो. दर रविवारी ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखे खूश होतात, आणि पुढच्या रविवारपर्यंत विसरून जातात."

त्यांनी माझ्या खांद्यावर काठीने हलकेच टकटक केलं.

"म्हणून जावं लागतं, मॅडम. चला."